कोंबडी, बकरी आणि वस्तीचा नियम

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासावर लिहावे अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. मी विषय निवडला तो कोंबड्या-बकऱ्यांचा. काही वाचकांस तो स्मरणिकेस न शोभणारा वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत जे माजी विद्यार्थी माझ्याकडे सल्ल्यासाठी आले, त्यांतील बरेच जण शेजाऱ्याच्या कोंबड्यांची वा बकऱ्यांची तक्रार घेऊन आले होते. ज्यांना आपण एका पंगतीत जेवू घातले, एका विहारात वंदना शिकविली, ते एकमेकांविरुद्ध पोलीस ठाण्यात उभे राहतात तेव्हा विषय लहान राहत नाही.

एक प्रसंग सांगतो. आपल्याच जिल्ह्यातील एका गावालगतची चाळीस-बेचाळीस घरांची बौद्ध वस्ती. काहींना रमाई आवास योजनेतून घरकुल मिळालेले, काहींची जुनी कुडाची घरे, प्रत्येकाच्या मागे थोडी मोकळी जागा. एका घरी मेथी-सांभाराचे वाफे, शेजारच्या घरी दहा-बारा कोंबड्या. कोंबड्यांनी वाफे उकरले, शेजाऱ्याने दगड भिरकावला, अंड्यावर आलेली एक कोंबडी मेली. शिव्यागाळी झाली, प्रकरण ठाण्यात गेले. दोन्ही घरांतील कर्ते पुरुष आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी. त्यानंतर वस्तीची सभा भरली. नोकरीत असलेल्या काही बांधवांनी ठराव मांडला की वस्तीत कोंबडी, बकरी काहीच नको. घाण होते, पाहुण्यांपुढे मान खाली जाते. ठराव मंजूर होण्याच्या बेतात असता मागच्या बाजूला बसलेली एक वृद्ध विधवा माउली उठून म्हणाली, "माह्या बकऱ्या वस्तीबाहीर काढा म्हणता, तं मलेबी काढा न मंग!"

सभा स्तब्ध झाली. ठराव मागे पडला आणि नियम कसे करावेत हे सांगण्यासाठी मला बोलावणे आले. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि वस्तीने जे ठरविले, ते येथे मांडीत आहे. इतर वस्त्यांसही त्याचा उपयोग व्हावा एवढाच हेतू.

नियम कोणी केले?

जनावरांविषयीचे नियम गावात पूर्वीपासून होते. वऱ्हाडातील प्रत्येक जुन्या गावात आखर होता, गायकी होता, कोंडवाडा होता आणि चराईची राखीव जमीन होती. त्या सरकारी जमिनीला आपल्याकडे आजही 'ई-क्लास' म्हणतात. उर्वरित महाराष्ट्र तिला गायरान म्हणतो. इंग्रजी अमलात १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. त्यातील 'गुरे' या शब्दाची व्याख्या पाहण्यासारखी आहे. हत्ती आणि उंटापासून घोडे, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी आणि करडापर्यंत सारे तिच्यात आहेत. कोंबडी मात्र नाही. बकरी दुसऱ्याच्या वावरात शिरली तर तिला कोंडवाड्याची वाट होती, कोंबडीला ती नव्हती. कोंबडीचे भांडण शेजाऱ्यांनी आपसांतच मिटवावे असे जणू गृहीतच होते. पुढे ग्रामपंचायत अधिनियमाने कोंडवाड्याचा अधिकार पंचायतीकडे दिला, तरी कोंबडीचा प्रश्न दोन अंगणांच्या मधल्या कुंपणावरच राहिला.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की हे नियम कोणी केले आणि कोणाविरुद्ध वापरले? १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंदूर भागातील बलाई समाजाची हकिकत दिली आहे. १९२८ च्या सुमारास तेथील सवर्ण गावकऱ्यांनी बलाईंवर अनेक अटी लादल्या. बलाईंनी त्या नाकारल्या तेव्हा विहिरीचे पाणी बंद झाले, त्यांच्या गुरांची चराई बंद झाली, भोवताली दुसऱ्यांची शेते असतील तर स्वतःच्या शेताकडे जाण्याची वाटही बंद झाली. उलट गावकऱ्यांनी आपली गुरे बलाईंच्या पिकांत सोडली. जनावराविषयीचा नियम हे एका समूहाला गावातून हुसकावून लावण्याचे हत्यार कसे होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रात आपल्या पूर्वजांचे जनावराशी असलेले नाते आणखी वेगळे होते. जिवंत ढोर गावाचे, मेलेले ढोर ओढण्याचे काम मात्र आपले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि गावोगावच्या आपल्या आजोबा-पणजोबांनी मार खाऊन, बहिष्कार सोसून ते नाते तोडले. सक्तीने गळ्यात पडलेल्या मेलेल्या जनावरापासून स्वतःच्या मालकीच्या जिवंत जनावरापर्यंतचा हा प्रवास आहे. त्या माउलीच्या चार बकऱ्यांकडे मी या नजरेने पाहतो. त्यांना 'घाण' म्हणून हद्दपार करण्यापूर्वी आपण हा इतिहास आठवावा.

जमीन मिळाली, मग नियम कोण करणार?

स्वतःचे जनावर पाळायचे तर उभे राहण्यापुरती स्वतःची जागा हवी. ती सहज मिळालेली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्या भूमिहीनांना मिळाव्यात ही त्यांची मागणी होती. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. यातील शेवटची तारीख कोणाच्या जयंतीची आहे हे सांगण्याची गरज नाही. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने चालणाऱ्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत अथवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गायरान कमी होत गेले तशी चराईही आटली. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी कठोर निकाल दिला; २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही राज्यातील गायरानांचा प्रश्न हाती घेतला. भूमिहीनाचा पट्टा आणि बकरीची चराई या दोहोंची गरज खरी आहे आणि जमीन तेवढीच आहे. म्हणून आज बकरी जी चरते ती बहुधा कोणाच्या तरी धुऱ्यावर, आणि कोंबडी जी उकरते ती कोणाच्या तरी अंगणात. घरकुलाचे बांधकाम २६९ चौरस फुटांचे. त्यामागची जागा अनेकदा त्याहून लहान. अशा ठिकाणी नियमाविना शेजारधर्म टिकत नाही.

हा अधिकार आपल्या हाती आहे हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ७३ व्या घटनादुरुस्तीने संविधानास अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपविता येतील अशा २९ विषयांच्या त्या यादीत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन हा चौथा विषय आहे. वस्तीने एकमताने केलेले नियम ग्रामसभेपुढे मांडून ठराव करून घेता येतो. ज्यांच्या आजोबांना चावडीच्या पायरीवर बसता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांनी ग्रामसभेत उभे राहून कोंबड्यांच्या खुराड्याचे अंतर ठरवावे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

इंग्लंडमधील एक उदाहरण

असे नियम करताना जगात इतरत्र काय झाले हे पाहणे उपयोगी ठरते. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांकडून कामकरी कुटुंबांना भाजीपाला पिकविण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देण्याची जुनी पद्धत आहे. या तुकड्यांवर जनावर पाळू नये अशी अट भाडेकरारात अनेकदा असे. १९५० साली तेथील संसदेने कायदा करून सांगितले की करारात काहीही लिहिलेले असो, भाडेकरूस कोंबड्या आणि ससे पाळण्याचा हक्क आहे. त्याबरोबर मर्यादाही घातल्या. कोंबडा पाळण्याचा हक्क या कायद्याने दिला नाही. पाळणे व्यापारासाठी नसावे. आरोग्यास अपाय अथवा शेजाऱ्यास उपद्रव होता कामा नये.

या कायद्याची रचना आपल्याला शिकवण देणारी आहे. प्रथम हक्क मान्य केला, नंतर मर्यादा घातली. आपल्या वस्तीच्या पहिल्या ठरावात क्रम उलटा होता. तेथे बंदी आधी होती आणि हक्काचा उल्लेखच नव्हता. गरिबाच्या बाबतीत नियम करताना हा क्रम चुकला की नियमाचे रूपांतर अन्यायात होते. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात दाखविले होते की केवळ जमिनीचा आकार पाहून शेती परवडते की नाही हे ठरत नाही; तिच्या जोडीला भांडवल किती, हे पाहावे लागते. भूमिहीन किंवा अल्पभूधारक बाईजवळ बकरी हेच भांडवल असते. दवाखान्याचा खर्च आला, मुलीची फी आली, की तीच विकली जाते.

नियम आणि तत्त्व

आपल्यापैकी काहींनी सभेत विचारले की प्रथम शील घेणाऱ्याने कोंबड्या पाळाव्यात काय? प्रश्न प्रामाणिक आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांची यादी आहे. तिच्यात प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार येतो. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. दुसरीकडे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. अहिंसा हे बुद्धांनी तत्त्व म्हणून सांगितले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात तर राज्यातील लूटमार थांबविण्याचा उपाय म्हणून शेती आणि पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व चारा पुरवावा असे सांगितले आहे. अंडी खावीत की नाही, पक्षी विकावा की नाही, हे ज्या त्या कुटुंबाने आपल्या विवेकाने ठरवावे. वस्तीने त्याचा नियम करू नये. वस्तीचा अधिकार शेजाऱ्याच्या आरोग्यापुरता, पिकापुरता आणि मुक्या जिवावरील क्रौर्य रोखण्यापुरता आहे.

नियम करण्याची पद्धतही धम्मातूनच घेता येते. विनयातील नियम बुद्धांनी आधीच बसून रचले नाहीत. प्रसंग घडला, त्याची चौकशी झाली, मग त्या प्रसंगापुरता नियम सांगितला गेला. पुढे अडचण आली तर त्यात दुरुस्ती झाली. म्हणून आम्ही सभेत प्रथम भांडणांची यादी केली. कोंबड्यांनी उकरलेले वाफे, हातपंपाजवळची लेंडी, फवारलेल्या वावरात शिरून मेलेली बकरी, पहाटे तीनला आरवणारा कोंबडा, उकिरड्यात निघालेला साप. ज्या गोष्टीवरून कधी भांडण झालेच नाही, तिच्यासाठी नियम केला नाही.

दहा नियम आणि त्यांची कारणे

वस्तीने शेवटी जे दहा नियम मान्य केले, ते कारणांसह पुढीलप्रमाणे आहेत.

१. प्रत्येक कुटुंबास कोंबड्या व बकऱ्या पाळण्याचा हक्क आहे. हे वाक्य पहिले असावे असा आग्रह महिलांचा होता, कारण अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात येतो.

२. शाळेच्या वयाचे मूल राखणीला पाठवू नये. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. आपल्या जिल्ह्यात तर राळेगाव-पांढरकवडा भागात २०१८ पर्यंत वाघिणीच्या हल्ल्यांत किती माणसे गेली हे सर्वांस ठाऊक आहे. रानात ढोरांमागे एकटे मूल पाठविणे दुहेरी धोक्याचे आहे.

३. संख्या जागेच्या मानाने असावी. एका कोंबडीस खुराड्यात साधारण दोन चौरस फूट, मोठ्या बकरीस छताखाली दहा ते बारा चौरस फूट आणि उघड्यावर त्याच्या दुप्पट जागा लागते. या हिशेबाने वस्तीने एका घरामागे बारा कोंबड्या व चार मोठ्या बकऱ्या ही मर्यादा धरली. अधिक पाळावयाच्या असतील तर त्या स्वतःच्या वावरात न्याव्यात.

४. खुराडा व गोठा शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नसावा आणि हातपंप किंवा विहिरीपासून पन्नास फूट दूर असावा. जमिनीपासून उंच, जाळीचा आणि रात्री बंद होणारा खुराडा असला तर मुंगूस, कुत्रा आणि साप यांपासून कोंबड्या वाचतात.

५. पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत बकऱ्या बांधून अथवा राखून ठेवाव्यात. पऱ्हाटी निघाल्यावर वावरात सोडायच्या तर मालकाची परवानगी घ्यावी. कोंबड्या दुपारी चारनंतर सोडाव्यात. तोपर्यंत वाफ्यांना पाणी देणे आणि वाळवण उचलणे ही कामे आटोपलेली असतात. त्याबरोबर ज्याचा वाफा त्याने कुंपण घालावे. कुंपणाची जबाबदारी दोघांची आहे, कारण कोंबडीला सातबारा वाचता येत नाही.

६. खत खड्ड्यात टाकून झाकावे. कोंबडीची ताजी विष्ठा तीव्र असते. ती तशीच घातली तर रोप जळते, कुजवून घातली तर तेच उत्तम खत होते. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरामागे साप येतो. म्हणून दाणे रात्रभर अंगणात ठेवू नयेत आणि अंडी रोज गोळा करावीत. पाळणाऱ्याने शेजाऱ्यास वर्षातून एकदा कुजलेले खत द्यावे अशी सूचना एका आजीने केली. नियमांत ती घातली नाही, पण लोक तसे करू लागले आहेत.

७. लसीकरण सर्वांचे एकाच दिवशी करावे. कोंबड्यांना मानमोडी म्हणजे राणीखेत हा रोग एकदा लागला की वस्तीतील सारे पक्षी जातात. त्याची लस पिलास पहिल्याच आठवड्यात देतात आणि पुढे पुन्हा द्यावी लागते. या लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची मात्रा असते. ती थंडीत ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्या असणाऱ्या एकट्या घराला ती परवडत नाही. दहा घरे एकत्र आली तर सहज परवडते. बकऱ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी आणि पीपीआरची लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावी. सहकार्य म्हणजे काय हे मुलांना शिकवायचे असेल तर लसीची ही बाटली दाखवावी.

८. आजार लपवू नये, आजारी पक्षी विकू नये, मेलेला पक्षी नाल्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार संसर्गजन्य रोगाची शंका आल्यास कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा आला. अशा वेळी बाधित ठिकाणाभोवतीच्या ठरावीक अंतरातील सर्व पक्षी नष्ट केले जातात. त्यांत निरोगी पक्षीही येतात. एकाने लपविलेल्या आजाराची किंमत सारे गाव मोजते.

९. फवारणी केलेल्या वावरावर लाल फडके लावावे आणि पंधरा दिवस तेथे जनावर सोडू नये. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे विष फवारणाऱ्या माणसाला मारते ते पाने खाणाऱ्या बकरीला सोडत नाही. फडके न लावता फवारणी केली आणि बकरी मेली तर दोष शेतमालकाचा. फडके असताना सोडली तर दोष बकरीवाल्याचा. मुद्दाम विषारी दाणे टाकणे हा कोणत्याही परिस्थितीत अक्षम्य अपराध समजावा.

१०. पिलांसाठी कोंबडा लागतो, परंतु दहा कोंबड्यांमागे एक पुरे होतो. परीक्षेच्या दिवसांत तो रात्री अंधाऱ्या, बंद खुराड्यात ठेवावा. कोंबडबाजारासाठी कोंबडा पाळणे, झुंजीस नेणे वा त्यावर पैसे लावणे वस्तीस मान्य नाही. त्यात मुक्या जिवाचे हाल आहेत आणि घरच्या मजुरीची नासाडी आहे.

अंमल कसा व्हावा?

नियम लिहिणे सोपे, पाळणे कठीण. वस्तीने तीन जणांची समिती नेमली. तिच्यात एक पाळणारा, एक न पाळणारा आणि एक महिला असते. नुकसान झाल्यास समितीने त्याच दिवशी जागा पाहावी आणि भरपाई ठरवावी. भरपाई शक्यतो वस्तूत असावी. मेथीचा वाफा गेला तर बी आणि तो पुन्हा लावण्याची मजुरी. कोंबडी मेली तर त्याच वयाची कोंबडी. दगड, काठी आणि शिवी वापरणाऱ्याचा दावा ऐकला जात नाही. तिघांना न सुटलेले प्रकरण गावाच्या तंटामुक्ती समितीकडे जाते आणि त्यापुढे कायद्याची वाट सर्वांस मोकळी आहे.

येथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. भरपाई दोघांच्या संमतीने ठरते; वस्तीला कोणालाही दंड करण्याचा अधिकार नाही. नियम मोडणाऱ्याशी बोलणे बंद करणे, त्यास विहारात येऊ न देणे, लग्नकार्यात न बोलाविणे हे उपाय आपल्याला कायमचे वर्ज्य असले पाहिजेत. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आहे. पण कायदा नसता तरी बहिष्काराचे चटके ज्यांच्या पिढ्यांनी सोसले त्यांनी ते हत्यार आपल्याच भावावर उचलू नये. तसेच गावातील कोणी आपल्या जनावरांस सामाईक चराई वा पाण्यापासून जातीच्या कारणाने रोखत असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरविला आहे, हेही माहीत असू द्यावे. आपले नियम आपण पाळतो असे दिसले की हा हक्क मागताना आवाजात बळ येते.

शेवटी, नियम दर वर्षी पाहावेत. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या उन्नतीची कारणे सांगताना बुद्धांनी पहिली गोष्ट सांगितली ती वारंवार एकत्र जमण्याची आणि दुसरी एकमताने बसण्या-उठण्याची. त्याच सुत्तात क्षुल्लक नियम संघाने आवश्यक वाटल्यास रद्द करावेत अशीही मुभा आहे. वस्तीने भीमजयंतीनंतरच्या पहिल्या पौर्णिमेस नियमांचे वाचन करण्याचे ठरविले आहे. पहिल्या वर्षी कोंबड्या सोडण्याची वेळ बदलली. उन्हाळ्यात चारऐवजी पाच झाली.

ज्या दोन माजी विद्यार्थ्यांचे भांडण ठाण्यात गेले होते, त्यांची आपसांत समजूत झाली. दोघांनी मिळून मधले कुंपण घातले. तुऱ्हाट्या एकाच्या, मजुरी दुसऱ्याची. त्या माउलीजवळ आज तीन बकऱ्या आहेत. चौथी तिने गेल्या जून महिन्यात विकली आणि नातीला आपल्या शाळेत आणून सोडले. पूर्वी ती मुलगी आजीमागे बकऱ्या राखीत असे. दुसरा नियम मंजूर झाला तेव्हा आजीने हात वर केला होता, आणि वर केलेला हात तिने पाळला. आज ती मुलगी इयत्ता सहावीत आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच आहे की आपापल्या वस्तीत हे दहा नियम जसेच्या तसे नेऊ नका. सभा बोलवा, बायांना पुढे बसवा, आधी भांडणांची यादी करा आणि जो सर्वांत गरीब आहे त्याला प्रथम बोलू द्या. मग जे ठरेल ते लिहून काढा आणि विहाराच्या भिंतीवर लावा.

जय भीम! नमो बुद्धाय!